पहिल्या संक्रांतीचं जुनं वाण

सुनेच्या पहिल्या संक्रांतीला माझं देवाकडे एकच मागणं होतं. अक्कांनी आमच्या घरी यावं.

अक्का म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. आमच्या चामराजपेटच्या घरापासून पुढच्याच क्रॉसला, म्हणजे पुढच्या आडव्या गल्लीत, राहतात. त्यांचा जन्म याच घरातला, लग्नही याच घरातून झालं. मी सून होऊन आले तेव्हा इथलं सगळं मला शिकवलं ते त्यांनीच. कुठला नळ अर्धाच उघडायचा, कुठल्या दुकानात खोबरं खवट निघतं आणि सासूबाई गप्प बसल्या म्हणजे काय समजायचं, सगळं. रोज अकराच्या कॉफीला त्या आमच्याकडे यायच्याच. स्वतःच्या माहेरी यायला कुणाला आमंत्रण लागतं?

पण माझ्या मुलानं ऑफिसातली पुण्याची मुलगी पसंत केली. अक्कांनी मनात हेरून ठेवलेली आपल्यातली मुलगी तशीच राहिली. लग्नाला अक्का आल्या, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेल्या. त्यानंतर त्या आमच्या दारात आल्या नाहीत. बरं, भांडण म्हणावं तर तेही नाही. देवळात भेटल्या की तास तास बोलायच्या, फोन करून माझ्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. फक्त घरी यायच्या नाहीत. भांडल्या असत्या तर मीही चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. अकरा वाजले की माझा हात सवयीनं तिसऱ्या पेल्याकडे जायचा आणि मग माझी दिवसभर चिडचिड व्हायची.

आमची घराणी या कन्नड मुलखातल्या गावात येऊन कित्येक पिढ्या झाल्या. आमच्या मराठीत निम्मं कन्नड आहे. पुण्याच्या माणसांना वाटतं आम्ही चुकीचं बोलतो, आणि आम्हाला वाटतं ती साधं बोलतानाही भांडतात. सूनबाई त्यातलीच. स्पष्ट, खणखणीत, आणि एकदा डोक्यात काही घेतलं की ते तडीस नेणारी. ती मला आवडली ती त्यामुळेच, कारण मीही तशीच आहे. पण दोन तशाच बायका एका स्वयंपाकघरात आल्या की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

संक्रांतीच्या आधी हळदीकुंकवाचं चांदीचं तबक काढायला मी तिला माळ्यावर चढवलं. तिनं एक जुनी चादर ओढली मात्र, वरून धबाधबा डबे कोसळायला लागले. साबणदाण्या, चहाच्या गाळण्या, कमळाच्या आकाराच्या ताटल्या, चमच्यांचे स्टँड, आणि डब्या तर किती विचारू नका. सगळं प्लॅस्टिक. शिडीवर उभी राहून ती खाली बघत होती.

"आई, हे काय आहे?"

"वाण."

"एवढं?"

"माझ्या लग्नापासूनचं आहे. दर वर्षी येतं. कुणी देतं ते नाही म्हणता येतं का?"

खरं सांगायचं तर त्यातलं कुणीच काही वापरत नाही. आमच्या बायकांत हे वाण घरोघर फिरत असतं. एक गुलाबी साबणदाणी मी एका संक्रांतीला दिली होती, ती काही वर्षांनी माझ्याच ओटीत परत आली. तिच्या कोपऱ्यावरचा चटका मी लगेच ओळखला. देणारीला मी हसून "किती छान" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सूनबाई शिडीवरून उतरली ती जाहीर करतच. "मी हळदीकुंकू करीन. काळी साडी नेसेन, हलव्याचे दागिने घालीन, तुम्ही म्हणाल ते सगळं करीन. पण प्लॅस्टिक लुटणार नाही." मागच्या पावसाळ्यात आमच्या क्रॉसचं गटार तुंबून घाण पाणी अंगणापर्यंत आलं होतं. महापालिकेच्या माणसांनी झाकण उघडलं तेव्हा आतून नुसती कव्हरं निघाली. आमच्या गावात प्लॅस्टिकच्या पिशवीला कव्हर म्हणतात, अगदी भाजीवालासुद्धा. कव्हरांच्या मागून बाटल्या आल्या, डब्यांची झाकणं आली, आणि त्यात एक कमळाची ताटलीही होती. ती ताटली सूनबाई विसरली नव्हती.

तिचा बेत ऐकून मी कपाळाला हात लावला. हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीनं घरातलं जुनं, तुटकं प्लॅस्टिक आणायचं. ते सगळं ती सुक्या कचऱ्याच्या केंद्रात पोचवणार. तिथं त्याची निवड होते, मग ते कारखान्यात जातं, वितळतं आणि त्यातून नव्या वस्तू होतात. बदल्यात बायकांना एळ्ळु आणि उसाचं कांडं. एळ्ळु म्हणजे तीळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं आणि गुळाचे बारीक खडे एकत्र केलेलं. आमच्याकडे संक्रांतीला तेच घरोघर वाटतात.

"हळदीकुंकवाला कचरा मागवणार?" मी ओरडलेच. "अक्कांच्या कानावर गेलं तर त्या या जन्मी आपल्याकडे यायच्या नाहीत!"

"आत्ता तरी कुठं येताहेत?" ती म्हणाली.

मी तोंड फुगवून तीळ भाजायला बसले.

आमंत्रण तिनं मोबाइलवर पाठवलं, सगळ्या बायकांच्या ग्रुपवर. मी चष्मा लावून वाचलं. जुनं, तुटकं, झाकण हरवलेलं, काहीही चालेल, असं स्वच्छ लिहिलं होतं. त्यात कुणाचाही घोटाळा होण्याजोगं काही नव्हतं. अक्कांना मात्र मी स्वतः फोन केला. "बघते गं," त्या म्हणाल्या. अक्कांचं बघते म्हणजे नाही, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, आणि तेही अक्कांनीच.

हळदीकुंकवाच्या दिवशी बायका आल्या. काठापदराच्या साड्या, गजरे, मोठमोठ्यानं बोलणं, नुसता आनंद. सूनबाई काळ्या साडीत, हलव्याच्या हारात अशी दिसत होती की माझीच दृष्ट लागेल अशी मला भीती वाटली. पहिल्या बाईनं पिशवीतून डबा काढला. नवा कोरा, वर दुकानाचं स्टिकर. दुसरीनं काढला, तोही नवा. तिसरीनं तर भेटवस्तूच्या कागदात गुंडाळून, रिबीन बांधून आणला होता. मग बादली आली, पाठोपाठ अंघोळीचा मग आला, झाकणांचा सेट आला. सगळं चकचकीत, त्याच दिवशी बाजारातून आणलेलं.

सूनबाई प्रत्येकीला हळदीकुंकू लावत होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी तिनं शेजारच्या काकूंना विचारलंच. "काकू, मी जुनं आणायला सांगितलं होतं ना?"

"वाचलं की गं," काकू म्हणाल्या. "पण नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला तुटका डबा कसा आणायचा? अय्यो, बरं दिसतं का ते? तुला प्लॅस्टिक पाहिजे म्हणालीस, म्हणून चांगलं बघून आणलं."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. एकमेकींना न विचारता प्रत्येकीनं हेच केलं होतं. तिच्या हौसेला कमी पडू नये म्हणून एकीनं दोन आणले होते. मग त्याच काकूंनी पिशवीच्या तळातून आणखी एक डबा काढला. निळा, लाल झाकणाचा, तोही नवा. "हा अक्कांनी पाठवलाय. त्यांना यायला जमलं नाही."

बायका ऊस आणि एळ्ळु घेऊन गेल्यावर सूनबाई त्या ढिगाऱ्याशेजारी जमिनीवर बसली. मला वाटलं आता रडणार. मी समजूत घालायला दोन शब्द जुळवत होते, तोवर ती हसायला लागली. असं हसली की हलव्याच्या हाराचा दोरा तुटला आणि पांढरे दाणे घरभर पळाले. मग मलाही आवरेना. प्लॅस्टिक कमी करायला निघालेल्या बाईच्या घरात बाजारातल्या नव्या प्लॅस्टिकचं प्रदर्शन भरलं होतं! तेवढ्यात माझा मुलगा बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून कसाबसा घरी पोचला आणि दारातच थबकला.

"दुकान टाकलं का?"

त्यावर आम्ही दोघी पुन्हा नव्यानं हसायला लागलो. यजमान मात्र चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "आता हे डबे परत करायला पाहिजेत."

"परत करायचे तर रिकामे नाही करायचे," मी म्हणाले. आमच्याकडे कुणाचा डबा आला की तो रिकामा परत जात नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. यात नवीन काही नव्हतं, कुठल्याही घरात हेच करतात. पण सूनबाई हसायची थांबली आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

"आणि मी डबा द्यायला त्यांच्या घरी गेले, तर त्या मला रिकाम्या हातानं पाठवतील?"

"छे! संक्रांतीत आलेली सवाष्ण रिकाम्या हातानं जाते का कधी?"

"झालं तर मग," ती म्हणाली आणि पदर खोचून उठली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर एळ्ळुचा कारखाना झालं. यजमान अडकित्त्यानं गूळ कातरायचे, मुलगा शेंगदाण्यांची सालं पाखडायचा आणि निम्मे खायचा. संध्याकाळी ऑफिसातून आली की सूनबाई एक-एक डबा भरून घेऊन बाहेर पडायची आणि मी तिच्यामागं पिशवी धरून. ती प्रत्येक दारात तेच सांगायची. "काकू, हा तुमचाच डबा. नवा आहे, वापरा. आत एळ्ळु आहे. आता मला रिकाम्या हातानं पाठवू नका. माळ्यावरचं जुनं द्या." कन्नड बोलणाऱ्या शेजारणींसाठी तिनं एक वाक्य पाठ केलं होतं, "स्वल्प प्लॅस्टिक कोडी अक्का," थोडं प्लॅस्टिक द्या ताई, म्हणून. तिचे ते उच्चार ऐकून बायका हसून हसून लोळायच्या, पण माळ्यावर चढायच्या.

आणि एकदा चढल्या की उतरायच्या नाहीत. कान तुटलेल्या बादल्या, तळ गेलेले मग, पाय मोडलेली खुर्ची. एका घरी नुसती झाकणंच निघाली, पिशवी भरून, डबा एकही नाही. ती बाई स्वतःच चकित होऊन बघत राहिली. काहीजणींनी तर दुसऱ्या दिवशी हाक मारून आणखी दिलं. ज्या बायका लग्नात सूनबाईला लांबूनच न्याहाळून गेल्या होत्या, त्या आता तिला आत बसवून चकल्या खायला घालत होत्या. मला कौतुक वाटत होतं आणि थोडा हेवाही. इतक्या वर्षांत काही घरांच्या स्वयंपाकघरापर्यंत मीही पोचले नव्हते.

राहिला तो निळा डबा. तो ती मुद्दाम मागं ठेवत होती हे माझ्या लक्षात आलं होतं. रथसप्तमी आली आणि हळदीकुंकवाचे दिवस संपत आले, तेव्हा तिनं तो भरला.

"मी येते बरोबर," मी म्हणाले.

"नको आई. डबा मला आलाय."

ती गेली आणि मी व्हरांड्यात येऊन बसले. पुढच्या क्रॉसला जाऊन यायला असा कितीसा वेळ लागतो? पण दिवे लागले तरी पत्ता नाही. हाकलून दिलं म्हणावं तर मग ही आहे कुठे? शेवटी ती आली. एका हातात गोणी, दुसऱ्या हातात चकल्यांनी भरलेला स्टीलचा डबा, आणि चेहऱ्यावर हसू.

अक्कांनी म्हणे दार उघडून आधी डब्याकडे पाहिलं. "एळ्ळु कुणी केलं?"

"मी."

अक्कांनी उभ्या उभ्याच चिमूट तोंडात टाकली. "गूळ स्वल्प मोठा झालाय. आत ये." मग त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. ट्रंकेत सगळं माहेरचं वाण होतं. त्यांच्या आईनं दिलेलं, मी दिलेलं, वर्षावर्षाचं. वापरायचं नाही आणि द्यायचंही नाही, कारण ते माहेराहून आलेलं. दोघींनी मिळून एक-एक वस्तू बाहेर काढली, आणि प्रत्येक वस्तूबरोबर अक्का आमच्या घरातली काही ना काही गोष्ट सांगत गेल्या. सूनबाईला त्या दिवशी या घराबद्दल जेवढं कळलं तेवढं मी वर्षभरात सांगितलं नव्हतं. शेवटी अक्कांनी सगळी ट्रंक गोणीत रिकामी केली. एक छोटी पिवळी डबी मात्र परत काढून घेतली. ती मी माझ्या पहिल्या संक्रांतीला दिली होती. त्यात त्या आता हिंग ठेवतात.

ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलंही नाही.

केंद्रात माल पोचवायचा दिवस तर जत्रेसारखा झाला. मालाच्या ऑटोत गोण्या रचल्या आणि "आम्हालाही बघायचंय" म्हणत जुनं प्लॅस्टिक देणाऱ्या सगळ्या बायका दुसऱ्या ऑटोंत दाटीवाटीनं बसल्या. पुढच्या ऑटोत अक्का. आपल्या ट्रंकेचं काय होतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. केंद्रातल्या बायकांनी आमच्या गोण्या ओतल्या आणि भराभर निवडायला घेतल्या. कडक एकीकडे, पातळ दुसरीकडे, रंगाप्रमाणं वेगळं. स्वच्छ, कोरडं आणलंत म्हणून सगळं कामाला येईल, म्हणाल्या. खरकटं लागलेलं असलं की ओल्या कचऱ्याबरोबर तेही वाया जातं. मग त्यांनी एका बरणीतले दाणे आमच्या तळहातावर ठेवले. लाल, निळे, पिवळे, अगदी साबुदाण्याएवढे. कारखान्यात जुने डबे कापून, धुऊन, वितळवून हे दाणे करतात आणि त्यांच्यापासून पुन्हा बादल्या, पाइप, खुर्च्या होतात. नव्या प्लॅस्टिकसाठी जमिनीतून तेल काढावं लागतं, ते तेवढं वाचतं.

अक्का त्या दाण्यांकडे बघतच राहिल्या. "म्हणजे माझी साबणदाणी पुन्हा जन्माला येणार?"

"बादली होऊन येईल कदाचित," सूनबाई म्हणाली. "पण दर खेपेला ते थोडं कमजोर होतं. कायम नाही फिरवता येत."

"मग घ्यायचंच कशाला मुळात?" अक्का म्हणाल्या आणि मागं वळून सगळ्यांना उद्देशून हुकूम सोडला. "पुढच्या वर्षी वाणाला कुणी प्लॅस्टिक आणलं तर मी दारातून परत पाठवीन. सरी?" सगळ्यांनी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. अक्कांना नाही कोण म्हणणार? त्यानंतर आमच्या क्रॉसवर दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळायला लागल्या, सुका कचरा वेगळा निघायला लागला, आणि त्या वर्षी गटारही तुंबलं नाही.

पण त्या दिवशी केंद्रातून परत येताना अक्कांनी स्वतःच्याच क्रॉसवर ऑटो थांबवला. मी म्हटलं, "अक्का, कॉफी घेऊन जा की." त्या म्हणाल्या, "बघते गं." मी घरी येऊन भांडी आपटली.

त्यांचा तो स्टीलचा डबा, ज्यातून चकल्या आल्या होत्या, आमच्या ओट्यावर घासून पुसून ठेवलेला होता. मी रोज सूनबाईच्या मागं लागायचे, परत कर, काहीतरी घालून दे, लोक काय म्हणतील. ती रोज "देते देते" म्हणायची आणि ढिम्म हलायची नाही. असा डबा अडकवून ठेवणं आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी ती घरूनच काम करत होती. अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. बाहेर अक्का, छत्री टेकून उभ्या. सूनबाई माझ्या आधी बाहेर पोचली.

"माझा डबा कुठाय गं? स्टीलचा."

"आत आहे आत्या. या ना."

"इथंच आणून दे."

"मला सापडत नाहीये. तुम्हाला या घरातलं सगळं ठाऊक आहे, तुम्हीच बघा."

अक्कांनी छत्री काखेत मारली. मग "एवढं साधं सापडत नाही म्हणे" असं पुटपुटत चपला काढून आत आल्या. स्वयंपाकघरात डबा समोर ओट्यावरच होता. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या. मी कॉफी केली. अक्का एक घोट घेऊन म्हणाल्या, "डिकाशन पातळ झालंय." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

निघताना सूनबाईनं त्यांना पाटावर बसवलं. कुंकू लावलं, आणि नारळ, खण, तांदूळ घेऊन त्यांची ओटी भरली, घरची लेक माहेराहून निघाली की भरतात तशी. हे मी तिला शिकवलं नव्हतं. अक्कांनी पदर पुढं केला. मग खण बोटांनी चाचपत म्हणाल्या, "याचं कव्हर काढलंस ना?"

"काढलं. सुक्या कचऱ्यात टाकलं."

"शहाणी आहेस."

त्या फाटकापर्यंत गेल्या. सूनबाई डबा घेऊन मागं धावली. "आत्या, डबा राहिला!"

अक्कांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "राहू दे गं तिथंच. उद्या येऊन नेते."